वाटेएवढी नजर

सागाचं पान गळतं तेव्हा आवाज होतो. कडुनिंबाचं, पिंपळाचं पान गुपचूप उतरतं, कुणाला पत्ता लागत नाही. सागाचं पान चांगलं सुपाएवढं. ते वरच्या फांदीवरून सुटतं, खालच्या फांद्यांना अडखळत, खरडत येतं आणि आधी पडलेल्या पानांवर बसताना खर्रकन वाजतं. काल दुपारी मी दुकानाच्या पायरीवर बसून ब्लाउजला हुक लावत होते, तर पुसदकडून आलेली बस समोरून गेली आणि तिच्या वायपरमध्ये अडकलेलं सागाचं एक पान मला दिसलं. तांबूस, वाळून कडक झालेलं. म्हणजे टेकड्यांवर पानगळ लागली. हातातली सुई तशीच राहिली आणि गिऱ्हाईक बाई काय मापं सांगत होती ते मला परत विचारावं लागलं.

माझं दिग्रसला लेडीज टेलरिंगचं दुकान आहे, आणि रविवारी मी डोंगरात सायकल चालवते. ही दोन वाक्यं एकापाठोपाठ सांगितली की ऐकणारी बाई आधी माझ्या केसांतल्या चांदीकडे बघते आणि मग गुडघ्यांकडे. "काय मिळते वं तुले तिथं?" असं एकीनं विचारलंच. मी म्हटलं, दम लागतो. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. खरं तर मी सगळ्यात मोठी गोष्ट सांगितली होती. चढावर दम लागतो, छाती फुटायला येते, आणि मग वरच्या सपाटीवर पाय टेकून उभं राहिलं की जे दिसतं ते धापा टाकतच बघावं लागतं. शांतपणे बघण्यासारखं ते नसतंच.

माझं माहेर नेरकडचं. तिकडची जमीन काळी आणि सपाट, कपाशीच्या रांगा थेट आभाळाला जाऊन टेकतात. बाबांच्या उंच काळ्या सायकलवर मी दांड्याखालून पाय घालून शिकले, पण चढ म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. आमच्याकडे चढ म्हणजे नाल्यावरचा पूल. लग्न होऊन दिग्रसला आले तेव्हा पुसदच्या बाजूला निळसर टेकड्यांची रांग दिसायची आणि मला वाटायचं, हे असंच लांबून बघायचं असतं. लांबून बघण्यातच माझी निम्मी हयात गेली.

दिग्रसच्या आसपास सायकलला वाटा पुष्कळ. नकाशात त्या नाहीत, आणि नाहीत तेच बरं. अरुणावतीच्या धरणाकडून निघालेल्या कालव्याची पाळ आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गहू, मधून मुरमाची पट्टी आणि चढ नावालाही नाही. नवशिक्यानं सुरुवात तिथून करावी. पांदणी आहेत, म्हणजे शेतांमधून गेलेल्या बैलगाडीच्या वाटा. दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवताचा उंचवटा. चाकोरीतून चाक बाहेर काढताना जो पडत नाही तो पुढे फारसा कुठं पडत नाही, म्हणून तोल तिथं शिकावा. हिवराचे काटे मात्र इतके की पंक्चरचं सामान घेतल्याशिवाय जाऊ नये. पण माझा जीव जडलाय तो टेकडीच्या वाटेवर. ती एका तांड्यामागून निघते, हातपंपाला वळसा घालून कोरड्या नाल्यात उतरते, वाळूत चाकं रुतवते, आणि मग सागवानातून जी वर चढायला लागते ती दम संपेपर्यंत थांबत नाही. एका माणसाच्या रुंदीची वाट. समोरून कुणी आलं तर एकानं झाडीत शिरून जागा द्यायची.

पानं असताना जंगल आपल्याला आत घेतं आणि काही दाखवत नाही. पानगळीत तेच जंगल मन मोठं करतं. सकाळी आठ-नऊचं ऊन उघड्या खोडांमधून आडवं येतं, जमिनीवर पानांचा तांबूस थर लागलेला असतो, आणि त्यावरून चाक गेलं की असा आवाज होतो जणू कुणी डबाभर पापड चुरतंय. आपण थांबलो की तो आवाजही थांबतो. मग इतकं शांत होतं की दूरवर मोहाचं फूल पडलेलं ऐकू येतं. मध्येच पळसाचं एखादं झाड, अंगावर एक पान नाही, नुसता केशरी रंग. पहिल्यांदा या वाटेनं वर आले त्या सकाळी समोरून रोही आली. रोही म्हणजे नीलगाय, पण शेतात पिकं खाताना हाकलतो ती निराळी वाटते आणि ही निराळी होती. घोड्याएवढी, राखी, कान टवकारलेली. तिनं माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं, आणि वाट सोडून बाजूला झाली. मला रडू आलं. का ते आजही सांगता येत नाही, पण त्या दिवशी मी हात जोडले होते हे खरं आहे.

नवऱ्याला घेऊन पहिल्यांदा या वाटेवर आले तो हंगाम आता कितीदा तरी आठवतो. बसच्या वायपरमध्ये पान दिसायचं निमित्त, की तो आलाच.

त्या आधीच्या पावसाळ्यात माझ्या नवऱ्याच्या हातातून गाडी गेली होती. नवऱ्याचं नाव दिलीप. घरात मी त्यांना अहो म्हणते, इथं मात्र 'तो' लिहिणार. तोंडावर अहो-जाहो आणि कागदावर अरे-तुरे, एवढी सूट लिहिणाऱ्या बाईला असावी. दिलीप एसटीत ड्रायव्हर. दिग्रस-पुसद, दिग्रस-यवतमाळ, आणि मध्ये बरीच वर्षं फुलसावंगीची गाडी. त्या रस्त्यांची वळणं त्याच्या मनगटात होती, आणि गाडीत कोंबड्या घेऊन चढणाऱ्या बायांशी त्याचं जे भांडण चालायचं ते ऐकायला लोक पुढच्या सीटवर बसायचे. मग एकदा स्टँडच्या फाटकाला आरसा घासला. काही दिवसांनी डाव्या अंगानं आलेली बकरी त्याला दिसलीच नाही. बकरी वाचली, पण दिलीप घरी येऊन हात धुतल्यावर नळ बंद करायला विसरला आणि तसाच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी आपणहून डेपोत जाऊन त्यानं डोळे तपासायला मागितले.

यवतमाळला डोळ्यांच्या दवाखान्यात एका मशीनमध्ये हनुवटी ठेवायला लावतात. समोर पांढरं भांड्यासारखं काहीतरी असतं, त्यात कुठं कुठं उजेडाचा ठिपका उमटतो, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी बाजूला बसले होते. दिलीपनं सुरुवातीला पटापट दाबलं. मग बराच वेळ त्याचा अंगठा हललाच नाही, आणि त्यानं नर्सला विचारलं, "ताई, मशीन बंद पडली काय?"

मशीन चालू होती.

काचबिंदू. मधलं स्वच्छ दिसतं, कडा आतून आतून मिटत जातात, आणि माणसाला कळतही नाही, कारण जे दिसत नाही ते दिसत नाही हे दिसणार कसं? डॉक्टरांनी नीट समजावलं. थेंब जन्मभर घालायचे, गेलेलं परत येत नाही, आहे ते राखायचं. दिलीपला डेपोत बसून करायचं काम मिळालं. नोकरी राहिली, पण स्टिअरिंग गेलं. आणि स्टिअरिंग गेल्यावर दिलीप हळूहळू ओसरीत मावायला लागला. बाजारात जायचा तर मोटारसायकली एकदम कुठून तरी उगवल्यासारख्या अंगावर यायच्या. एकदा भाजीच्या गाडीला धडकला, कुणीतरी म्हटलं, "काय राजा, सकाळी सकाळीच?" दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस तो. त्यानं बाजारात जाणं सोडलं. मग कोपऱ्यावरच्या चहाला जाणं सोडलं. मला भीती वाटायची ती डोळ्यांची कमी आणि या सोडण्याची जास्त. आज हे, उद्या ते. एक दिवस माणूस खुर्चीपुरता उरेल.

मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याची जाड टायरची गिअरवाली सायकल ओसरीत ठेवून गेला होता. तीच मी आधी चालवायला घेतली होती, हसू होईल म्हणून पहाटे पहाटे. दिलीप तेव्हा म्हणायचा, "मी हप्ताभर चाकं फिरवतो, रविवारी तरी मले आराम करू दे." आता हप्ताभर चाकं फिरवणं उरलं नव्हतं. एका सकाळी मी त्याला कालव्याच्या पाळीवर नेलं. माझ्यासाठी तोवर जुनी एक सायकल घेतली होती, मुलाची त्याला दिली. पाळीवर चालवली त्यानं, मुकाट्यानं. पुढच्या रविवारी पांदणीतून. आणि पानगळ सुरू झाली तेव्हा टेकडीची वाट.

त्या दिवशी तो पुढे होता, मी मागे. पडलाच तर दिसावा म्हणून. नाल्याची वाळू त्यानं पार केली, चढाला लागला, आणि मी बघतेय तर त्याची पाठ बदलत गेली. बाजारात जाताना खांदे कानाला लागलेले असायचे, ते खाली आले. हँडलवरची पकड सुटी झाली. सपाटीवर पोचल्यावर त्यानं पाय टेकला आणि धापा टाकत हसला. कित्येक महिन्यांनी हसला.

"अवं," तो म्हणाला, "इथं बाजूनं कोनीच येत नाही."

मला समजायला क्षणभर लागलं. मग समजलं. शहराचा रस्ता त्याच्या नजरेपेक्षा रुंद होता. सगळी भीती त्या न दिसणाऱ्या कडांमधून यायची. ही वाट एका माणसाच्या रुंदीची. जेवढी वाट, तेवढी त्याची नजर. दगड समोर, मूळ समोर, वळण समोर. जे लागतं ते सगळं त्याला दिसत होतं. कुणी कधी कुठल्या काळात पायांनी ही वाट पाडली असेल, गुरामागं, लाकडामागं, आणि ती माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांच्या मापाची निघावी! मी रोज मापं घेते. इतकं बेतशीर काही मी आजवर शिवलेलं नाही.

अडचण एकच होती, फाट्यांची. मुख्य वाटेला आडवाटा फुटतात, आणि त्या बाजूला फुटत असल्यामुळं दिलीपला दिसायच्या नाहीत. त्यात पानगळ. पानांचा थर बसला की वाट कुठली आणि जंगल कुठलं ते मलाही कळेना. मी मागून ओरडायची, "डावीकडं, अहो, डावीकडं!" त्याला ते आवडत नव्हतं. कंडक्टर घंटी मारतो तसं वाटते, म्हणायचा. मग मला सुचलं. दुकानात कातरणाची काय कमी? मी पिवळ्या आणि लाल कापडाच्या लांब पट्ट्या काढल्या आणि एका शनिवारी एकटी जाऊन फाट्याच्या अलीकडं, वाटेच्या बरोबर वर आलेल्या फांदीला बांधल्या, समोरून येताना नजरेत भरतील अशा. पिवळी म्हणजे डावीकडं, लाल म्हणजे उजवीकडं. दुसऱ्या दिवशी दिलीप सुसाट गेला. मागून माझा आवाज नाही, नुसता पानांचा चुरचुराट. घरी आल्यावर त्यानं स्वतः चहा केला आणि फुलसावंगीच्या गाडीतल्या एका बोकडाची गोष्ट सांगितली, जी मी हजारदा ऐकली होती. त्या दिवशी ती मी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली.

पुढच्या रविवारी मोठ्या फाट्यावरच्या मोहाला माझ्या पिवळ्या पट्टीशेजारी एक हिरवी पट्टी होती.

कुणीतरी गंमत केली असेल, मी म्हटलं. त्याच्या पुढच्या खेपेला जांभळी होती, साडीचा काठ होता, आणि एक काचेची बांगडी. मग खाली एका दगडाला कुंकू लागलं, नारळाची करवंटी दिसली, उदबत्तीची काडी दिसली. चिंध्या बांधायच्या देवीच्या जागा आमच्याकडे रानावनात असतात. येणारा-जाणारा एक चिंधी बांधतो आणि मनातलं मागतो. माझ्या मनात तेव्हा ते आलंच नव्हतं. सबंध विदर्भात फांदीला चिंधी बांधली तर काय होतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि मी शिवणकामातली बाई, डोकं लढवून खुणा करत बसले होते. पुढच्या फाट्यावरही तेच. एका चिंधीत तर मी माझ्या दुकानातलं कापड ओळखलं. त्या कापडाचा ब्लाउज मीच शिवला होता.

हसावं की घाबरावं कळेना. आता त्या सोडायच्या तरी कशा? दुसऱ्याचा नवस कोण सोडवणार?

मोहाखाली एका सकाळी कमळाबाई भेटल्या. तांड्यातल्या, माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या, कानांत जड चांदी. झाडाखालची पानं झाडून त्यांनी जागा स्वच्छ केली होती आणि रात्रीत पडलेली मोहाची फुलं टोपलीत वेचत होत्या. सगळीकडे तो गोड, आंबूस, डोक्यात चढणारा वास होता. दिलीप मागे नाल्यात हवा भरत थांबला होता. मी सायकल टेकवली आणि चिंध्यांकडे बघत उभी राहिले.

"याडीची जागा हाय," कमळाबाई म्हणाल्या. तांड्यात आईला आणि देवीला एकच शब्द, याडी. "यंदाच लोकायले समजलं. पावते मनतात."

मला राहवेना. "मावशी, ती पिवळी चिंधी आहे ना, सगळ्यात आधीची, ती मी बांधली. इथं देवीबिवी नव्हती. मी आपली खूण म्हणून बांधली."

त्यांनी वर बघितलं नाही. फुलं वेचत राहिल्या. "मंग काय झालं? पयली चिंधी कोनी ना कोनी बांधतेच. आभायातून पडते काय?" आणि मग, "कायले बांधलती?"

"नवऱ्याचे डोळे अधू आहेत. त्यांना वाट दिसावी म्हणून."

कमळाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघितलं, पार आरपार. "बाई," त्या म्हणाल्या, "मंग आमी इथं दुसरं काय मांगून राह्यलो?"

त्यांनी मूठभर मोहफुलं माझ्या ओंजळीत टाकली आणि पुन्हा वाकल्या. मी बराच वेळ त्या झाडाकडे बघत होते. माझ्या कात्रीखालून निघालेला एक तुकडा, त्याच्याभोवती कुणाकुणाचे जीव येऊन बांधले गेले होते. मी देवळांत अनेकदा गेले, रांगा लावल्या. देव असा होताना मात्र कधी बघितला नव्हता. त्या सकाळी तो माझ्यासमोर होत होता, आणि मला त्याची थोडी लाज वाटली, थोडी भीती, आणि सगळ्यात जास्त नवल.

नवल ठीक होतं, पण खुणा गेल्या. पिवळ्यात लाल, लालात पिवळं, फाट्याच्या दोन्ही अंगांना रंगच रंग. आता पुन्हा ओरडून सांगू का, असं मी दिलीपला विचारलं. तो म्हणाला, "कायले? पाठ झाली मले वाट."

त्याच्या पुढच्याच रविवारी माझी साखळी निसटली. मी बसून ती बसवत होते, तोवर दिलीप पुढे गेला. काळे झालेले हात पानांना पुसून मी मोहाजवळ आले आणि थांबले. पानांचा आवाज येत नव्हता. दिलीप पुढे असला की तो आवाज यायचा. त्यावरून मला कळायचं, तो चढावर आहे की उतारावर. आता काहीच नाही. "अहो!" मी हाक मारली. कोतवाल पाखरू ओरडून गेलं. पुन्हा हाक मारली. डावीकडे आमच्या वाटेवर पानं जशीच्या तशी होती, चाकाची चिरड नाही. चिरड होती उजवीकडे, चिंध्यांनी भरलेल्या फांदीखालून. उजवीकडे आम्ही कधी गेलो नव्हतो. कमळाबाई मागे बोलता बोलता म्हणाल्या होत्या की तिकडं गुरं नेत नाहीत, तिकडं टेकडी तुटते.

सायकल मी तिथंच टाकली. पळत सुटले. पानांवरून पाय घसरत होते, आणि माझ्या स्वतःच्या पळण्याचा आवाज इतका मोठा की दुसरं काही ऐकू येईना. मनात नको ते सगळं येऊन गेलं. मीच आणलं याला इथं, बसला होता बिचारा ओसरीत, निदान बसला तरी होता. झाडी विरळ झाली, समोर नुसतं आभाळ दिसायला लागलं, आणि काळ्या खडकाच्या कडेवर दिलीप उभा होता.

सायकल शेजारी आडवी. तो माझ्याकडे पाठ करून उभा होता आणि डोकं अगदी सावकाश उजवीकडून डावीकडे नेत होता. मी त्याचा शर्ट मागून गच्च धरला.

"थांब," तो म्हणाला. "अर्धंच झालं."

"काय अर्धं? अहो, पुढं काय आहे दिसतं का तुम्हाला?"

"समोर रस्ता संपला तं थांबलो. समोरचं तं दिसतेच ना मले." आणि मग, डोकं न थांबवता, "एकदम दिसत नाही सारं. तुकड्यातुकड्यानं पाहून राह्यलो. अजून डावीकडचं बाकी हाय."

मी त्याच्या बाजूला उभी राहिले. समोर एवढं मोठं काहीतरी पसरलं होतं की मला आधी ते दिसलंच नाही. खाली उघड्या सागाचे राखी-जांभळे उतार, एकामागे एक. त्यांत पळसाचे ठिपके. खूप लांब अरुणावतीचं पाणी, उन्हात पांढरं. गव्हाचे हिरवे चौकोन, तुरी काढून मोकळी झालेली काळी रानं, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या गंजी, पुसद रस्त्याचा धागा आणि त्यावर एक तांबडी बस, नखाएवढी. एका नजरेत मी ते सगळं बघितलं आणि माझं बघून झालं. दिलीपचं झालं नव्हतं. तो एकेक घेत होता. "ते पिंपळाचं गाव... मंग पूल... पुलाच्या बाजूले कोनाचं तरी खळं... खळ्यात बैल हाय, पाह्य ना, पांढरा." मी डोळे बारीक केले. खरंच बैल होता. मी सबंध दरी बघितली होती आणि मला बैल दिसला नव्हता. मग मीही त्याच्या मागोमाग बघायला लागले, तो जाईल तिथं, तेवढंच. बस कुठल्या वळणावर गिअर बदलेल ते त्यानं सांगितलं, आणि थोड्या वेळानं, पार वरपर्यंत, घरघर बदललेली ऐकू आली.

ऊन डोक्यावर येईतो आम्ही तिथं उभे होतो. देवानं, निसर्गानं, जे कुणी असेल त्यानं हे सगळं मांडून ठेवलं होतं आणि ते बघायचं कसं हे मला कडा मिटत चाललेल्या माणसाकडून कळलं. त्याच्यावर माझं इतकं प्रेम त्याआधी कधी दाटून आलं नव्हतं. "चला, उशीर झाला," एवढंच म्हटलं.

आता त्या मोहाखाली छोटा ओटा झालाय, तांबडं निशाण लागलंय. चैत्रात तांड्यातल्या बाया तिथं गातात. कमळाबाई मला बघितलं की सगळ्यांना सांगतात, ही पयली चिंधीवाली, आणि मी घाईनं पायडल मारते.

यंदाच्या थंडीत पुन्हा यवतमाळला गेलो. पुन्हा ती मशीन, पुन्हा हनुवटी. या खेपेला दिलीपनं नर्सला काही विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले, दाब ताब्यात आहे, पण मधल्या काळात आणखी थोडं गेलंय. कागदावरचा काळा भाग आतल्या बाजूला सरकलेला मलाही दिसत होता. परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला होता आणि ड्रायव्हरनं वळणावर लावलेल्या ब्रेकला नावं ठेवत होता. मी मनात म्हणत होते, यंदाची पानगळ मिळू दे. टेकडीचं नाव काढायचं धाडस मी केलं नाही. वायपरमधलं पान बघून घरी आले आणि स्वयंपाकाला लागले. जेवताना तोच म्हणाला, "साग झडून राह्यला म्हनते पुसदकडे. उद्या रविवार हाय."

आज सकाळी निघालो. तांडा, हातपंप, नाला. नाल्याच्या वाळूत तो थांबला. मला वाटलं, झालं, इथूनच परत.

"तू पुढं हो," तो म्हणाला.

इतकी वर्षं मी मागे होते. मागून तो दिसतो, पडला तर धावता येतं. पुढे गेले तर त्याला सांभाळू कशी? माझा पाय जमिनीवरून उचलेना.

"काय दिसतं तुम्हाला तिथून?" मी विचारलं.

त्यानं नीट बघितलं, खोटं सांगायचं नाही अशा बेतानं. "तुयं मागचं चाक."

"आणि बाकी?"

"बाकी कायले पायजे? तुयं चाक जिथं, तिथं वाट."

मी निघाले. चढ संपला, सपाटी आली, आणि पुढे उताराचा तो दगडी तुकडा, जिथं बूड सीटच्या मागे न्यावं लागतं आणि दोन बोटं ब्रेकवर ठेवून खाली जावं लागतं. मागे वळून बघता येत नाही, वळलं की तोल जातो. मी फक्त ऐकत होते. पानं माझ्या चाकाखाली वाजत होती आणि त्यामागे, जरा अंतरानं, पुन्हा वाजत होती. मी वेग कमी केला. आणखी कमी केला. मागचा आवाज जवळ आला, अगदी पाठीशी, आणि मग सबंध सागवान दणाणेल असा दिलीप ओरडला, स्टँडवर बायांशी भांडायचा त्याच आवाजात:

"अवं, कायले रांगून राह्यली? मी काय आंधळा हाय?"

मी ब्रेकवरची बोटं सोडली.